झुंबरबाईच्या गाडीचा खोकला

एका जंगलात रस्ता झाला. रस्ता झाला म्हणून गाड्या आल्या, आणि गाड्या आल्या म्हणून कुणाला चालता येईनासं झालं. हरणं पाण्यावर गाडीनं जायची. सशाला समोरच्या बिळात जायचं असलं तरी तो आधी किल्ली शोधायचा. गोगलगायसुद्धा गाडीत बसून मागच्यांना हॉर्न वाजवायची, "सरका जरा, घाई आहे."

त्या जंगलात झुंबरबाई नावाची एक अस्वलीण राहायची. तिला एकच पिल्लू होतं. भुंग्या त्याचं नाव. नवरा लांबच्या डोंगरात मध काढायच्या कामाला होता. तो पौर्णिमेला यायचा, दोन दिवस झोपायचा आणि परत जायचा. त्यामुळे पोराची काळजी करायचं काम झुंबरबाईकडे होतं. ते ती अगदी मन लावून करायची. सुट्टी घ्यायची नाही.

आता बाळांनो, अस्वलाच्या अंगावर किती केस असतात ते तुम्हाला माहीत आहे. झुंबरबाईलाही माहीत होतं. तरी थंडी पडली की ती भुंग्याला आधी बनियन घालायची. त्यावर अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. त्यावर पूर्ण बाह्यांचा. मग मफलर, मग कानटोपी. मग चार पावलं मागे सरकून बघायची, कुठून वारा शिरतोय का. भुंग्याचं नुसतं नाक बाहेर दिसायचं. त्या नाकाकडे ती फार संशयानं बघायची.

भुंग्या खायचाही चांगला. म्हणजे त्याला खायला घातलं जायचं. सकाळी मोहाची खीर, वर डिंकाचा लाडू, वर शाळेत जाताना मधाचं बोट. एक घास काऊचा, एक घास चिऊचा असं करता करता जंगलातले सगळे पक्षी संपायचे. मग ती चार पायांच्या जनावरांवर यायची. हत्तीच्या घासाला भुंग्या रडायचा.

शाळा दोन डोंगर पलीकडे, वडाखाली होती. तिथे जायला झुंबरबाईकडे सासऱ्यांची जुनी गाडी होती. रंग कधीकाळी शेवाळी असावा. मागचं दार सुतळीनं बांधलेलं. पण गाडी इमानी होती. सासरे गेले तरी ती गेली नाही. चढाला कुरकुरायची, उताराला गाणं म्हणायची, आणि भुंग्याला रोज वेळेवर शाळेत पोचवायची. काचा बंद केल्या की आत वारा शिरायचा नाही. म्हणून झुंबरबाईचा त्या गाडीवर फार जीव.

त्या वर्षी थंडी लवकर पडली. एका सकाळी झुंबरबाईनं पाणी घालायला बॉनेट उघडलं. गाडी चालूच होती. इंजिनावर परातीएवढा एक पत्र्याचा डबा होता आणि त्या डब्याला पुढे सोंडेसारखं नाक होतं. नाक सूं सूं करत होतं. झुंबरबाईनं त्याच्यापुढे पंजा धरला. बाहेरचा गारठा सरळ आत ओढला जात होता.

"अगं बाई," झुंबरबाई म्हणाली. "थेट छातीत जातोय की गं वारा!"

ती घरात गेली. भुंग्याची गेल्या वर्षीची, गोंड्याची लाल कानटोपी घेऊन आली. गाडीच्या नाकावर ती ओढून बसवली. खाली बंद बांधले. गोंडा सरळ केला.

"आता कशी ऊब येईल," ती म्हणाली आणि बॉनेट लावलं.

हसू नका. तुम्हाला कळलं ना? हुशार आहात. पण आता गप्प बसायचं. गोष्टीत अजून कुणाला कळलेलं नाही, आणि गोष्ट बरीच बाकी आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी खोकायला लागली.

साधं खोकणं नाही. ढुर्र ढुर्र करायची, मध्येच दम अडकायचा, उभी राहिली की हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची. मागून काळाकुट्ट धूर निघायचा. पेट्रोलचा असा वास सुटायचा की डोळ्यांत पाणी यावं. जी टाकी आठ दिवस पुरायची, ती चार दिवसांत कोरडी पडायला लागली.

"बघा," झुंबरबाई म्हणाली. "नुसत्या टोपीनं भागत नाहीये. थंडी जास्त आहे."

तिनं टोपीवर मफलर गुंडाळला.

गाडी आणखी खोकली. झुंबरबाईनं मफलरवर फ्लॅनेलचं दुपटं घातलं. गाडीचा धूर आणखी काळा झाला. तेव्हा तिनं वेखंड उगाळलं आणि दुपट्यावरून चांगलं जाडसर चोपडलं. भुंग्याला लहानपणी वेखंडाचा फार गुण यायचा.

भुंग्याही खोकतच होता म्हणा. पण त्याचं काय, तो दर थंडीत खोकायचा.

शेजारी साळू साळिंदरीण राहायची. एक दिवस ती अंगावरचे सगळे काटे उभे करून कुंपणाशी आली.

"झुंबरे, तुझी गाडी आहे का वीटभट्टी?"

"सर्दी झालीय गं तिला."

"तिला सर्दी, आणि माझे सांडगे काळे! काल पाहुणे आले होते. तळून वाढले तर म्हणतात, साळूताई, तिळाचे का?"

"मग काय म्हणालीस?"

"काय म्हणणार! हो म्हणाले. पण वास पेट्रोलचा येत होता, त्याला काय सांगू? मी सांगून ठेवते झुंबरे, मी तक्रार करणार आहे."

आणि तिनं केली.

तीन दिवसांनी तरसेसाहेब आले. हे जातीचे तरस होते, पण राजदरबारी नोकरी लागल्यापासून सगळे त्यांना साहेब म्हणायचे. त्यांनी झुंबरबाईच्या दाराला कागद चिकटवला आणि मोठ्यानं वाचूनही दाखवला. कारण त्यांना स्वतःचा आवाज आवडायचा.

"वाघमहाराजांच्या हुकमावरून. येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी वडाखाली धूर तपासणी. पांढरं फडकं काळं झालं, की गाडी दरीत."

"दरीत म्हणजे?" झुंबरबाईनं विचारलं.

"म्हणजे वरून खाली," तरसेसाहेब म्हणाले.

झुंबरबाईनं भुंग्याकडे पाहिलं. गाडी गेली तर भुंग्याला चालत जावं लागेल. दोन डोंगर! उघड्यावरून! डोंगराच्या खिंडीत केवढा वारा असतो! तिच्या डोळ्यांपुढे खिंड आली, वारा आला, आणि वाऱ्यात उडत चाललेली एक छोटी कानटोपी आली. तिनं भुंग्याला कुशीत घेतलं आणि त्याच्या स्वेटरवर आणखी एक स्वेटर चढवला.

शनिवारला चौदा दिवस होते.

झुंबरबाईनं गाडी आधी रावजी कोल्ह्याकडे नेली. रावजीच्या झोपडीवर मोठी पाटी होती : "रावजी मोटार दवाखाना. जुन्या-नव्या सर्व गाड्यांचे तज्ज्ञ. उद्या या." रावजीनं गाडीकडे पाहिलं नाही. नुसता आवाज ऐकला आणि मान हलवली.

"प्लग गेले, वहिनी."

"पण भाऊ, बघितलं तरी का तुम्ही?"

"बघायला लागतं त्याला शिकाऊ म्हणतात," रावजी म्हणाला.

त्यानं बॉनेट उघडलं. दुपटं, मफलर, टोपी काढली, झटकली आणि झुंबरबाईच्या हातात दिली. "तुमचे कपडे आत राहिले होते बघा, वहिनी. बायामाणसं कुठं काय ठेवतील!"

"राहिले नव्हते भाऊ, मीच..." झुंबरबाई सांगायला गेली. पण रावजी कधीच इंजिनात शिरला होता. तज्ज्ञ एकदा आत शिरला की त्याला बाहेरचं ऐकू येत नाही.

नवे प्लग बसले. गाडी चालू केली. काय सांगू! मांजरीसारखी गुरगुरली. धुराचा टिपूस नाही.

"बघा," रावजी म्हणाला. "प्लगच होते."

झुंबरबाई आनंदानं घरी आली. गाडी दारात लावली, आणि आत्ताच आजारातून उठलीय, जपायला हवं, म्हणून टोपी, मफलर, दुपटं पहिल्यासारखं नीट बांधलं.

सकाळी गाडी ढुर्र ढुर्र!

ती परत रावजीकडे गेली. रावजीनं कपडे काढून तिच्या हातात दिले. "तुमचे कपडे, वहिनी." या वेळी त्यानं कार्बोरेटर बदलला. गाडी गुरगुरली. झुंबरबाई घरी आली. सकाळी ढुर्र ढुर्र. ती तिसऱ्यांदा गेली. "तुमचे कपडे, वहिनी." पेट्रोलची नळी बदलली, पंप बदलला, आणि हाताला आली म्हणून हॉर्नची पिपाणीही बदलली. तिसऱ्यांदाही तेच. दवाखान्यात ठणठणीत, घरी आली की खोकला. माहेरी हसरी आणि सासरी रडवी असते ना एखादी, तशी.

चौथ्यांदा रावजीनं हात टेकले नाहीत. तज्ज्ञ हात टेकत नाहीत.

"दोष गाडीत नाही वहिनी," तो म्हणाला. "तुमच्या अंगणात आहे. घर बदला."

दिवस चालले होते. झुंबरबाईला स्वतःचा घास गिळवेना. भुंग्याचा मात्र ती गिळवत होती.

मग साळूच आली. तक्रार केली खरी, पण तिलाही आता वाईट वाटत होतं. "अगं, त्या चिंतामण पोपटाला बोलव. शहरात राहून आलाय पिंजऱ्यात. त्याच्याकडे मशीन आहे."

चिंतामण आला. त्यानं चपटं मशीन बॉनेटवर ठेवलं. मशीन टुक टुक वाजलं. चिंतामणनं डोळे मिटले, उघडले आणि म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सर खराब."

"तो कुठे असतो?"

चिंतामणनं वाकून पाहिलं. खालून पाहिलं. सुतळी सोडून मागचं दार उघडूनही पाहिलं.

"या गाडीत तो नाहीच," तो म्हणाला. "फार जुनी गाडी आहे."

"मग खराब कसा?"

"नाहीये, यापेक्षा अजून किती खराब व्हायला हवा?" चिंतामण म्हणाला आणि बावीस पानांचा रिपोर्ट देऊन उडून गेला.

झुंबरबाईनं तो रिपोर्ट सगळा वाचला. त्यातलं तिला काही कळलं नाही, म्हणून तिचा त्याच्यावर विश्वास बसला. पण नसलेली वस्तू बदलायची कशी, हे त्यात कुठे लिहिलं नव्हतं. साळू म्हणाली, मग नजरच असणार. दोघींनी मीठ-मोहऱ्या घेऊन गाडीची दृष्ट काढली. पुढे लिंबू-मिरच्या बांधल्या. मागच्या धुरानं भुंग्याच्या शाळेतली निम्मी पोरं काळी झाली आणि हजेरीला गोंधळ व्हायला लागला.

आता उरले सहा दिवस. झुंबरबाईला दगडूआजोबा आठवले.

दगडूआजोबा म्हणजे ओढ्याकाठचं म्हातारं कासव. सासऱ्यांच्या वेळी गाडीचं सगळं काम तेच बघायचे. पण त्यांना आता कुणी बोलवायचं नाही. एक तर त्यांच्याकडे पाटी नव्हती. आणि दुसरं म्हणजे ते फार वेळ लावायचे. झुंबरबाईनं रविवारी कावळ्याबरोबर निरोप धाडला. आजोबा निरोप मिळताच निघाले. घाईघाईनं आले. गुरुवारी पोचले.

"चहा ठेवते," झुंबरबाई म्हणाली. "थांबा, आधी गाडी घेऊन दवाखान्यात..."

"दवाखाना कशाला? दुखणं घरी येतं ना? मग घरीच बघू." आजोबा गाडीच्या मागे जाऊन बसले. "चालू कर."

गाडी ढुर्र ढुर्र करायला लागली. आजोबांच्या तोंडावर काळा लोट आला. ते हलले नाहीत. त्यांनी सावकाश श्वास घेतला, वास घेतला, पुन्हा घेतला. मग म्हणाले, "कधीपासून?"

बाळांनो, इतक्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला.

"थंडी पडल्यापासून."

"त्याच्या आधी काय बदललं?"

"प्लग बदलले, कार्बोरेटर बदलला, पंप..."

"ते खोकल्यानंतर. खोकल्याच्या आधी काय बदललं?"

"काही नाही."

"आठव."

"काही नाही हो आजोबा. नुसती थंडी पडली."

"थंडी दर वर्षी पडते. तुझा सासरा होता तेव्हा दगडावर पाणी गोठायचं. गाडी कधी शिंकली नाही."

आजोबांनी गाडी बंद करायला लावली आणि एक प्लग बाहेर काढला. नवाच होता, पण तव्याच्या बुडासारखा काळा झाला होता. बोट लावलं तर बोटाला काजळी आली.

"हा चहाच्या रंगाचा असायला हवा," ते म्हणाले. "आता मला सांग. चुलीत लाकडं कोंबली, भरपूर कोंबली, आणि वारा जायला जागाच ठेवली नाही, तर काय होतं?"

"धूर होतो."

"मग काय करतेस? आणखी लाकडं घालतेस?"

"अहो, काहीतरीच काय! लाकडं मागे ओढते. फुंकर घालते."

"हां," आजोबा म्हणाले. "तुझी गाडी उपाशी नाही, पोरी. ती वारेमाप खातेय. पोटात पेट्रोलच पेट्रोल, आणि हवा नाही. न जळलेलं सगळं काळं होऊन बाहेर पडतंय. हवा कुठंतरी अडलीय. उघड ते बॉनेट."

झुंबरबाईनं बॉनेट उघडलं.

आजोबांनी मान लांब केली. बराच वेळ पाहिलं. वेखंडाचा वास त्यांच्या नाकात गेला.

"हे काय?"

"दुपटं."

"ते दिसतंय. इथे कशाला?"

"वारा लागू नये म्हणून," झुंबरबाई म्हणाली. "ही बघा ना आजोबा, इथून केवढा गार वारा ओढून घेते. म्हणून मी आधी टोपी घातली. मग मफलर. मग..."

बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला.

आजोबा "चालू कर," म्हणाले. गाडी खोकायला लागली. त्यांनी दुपटं ओढून काढलं. काळ्या धुराचा राखाडी धूर झाला. मफलर सोडला. गाडीनं एक मोठा उसासा टाकला, तिची हुडहुडी थांबली. मग त्यांनी टोपीचे बंद सोडले आणि गोंड्याला धरून टोपी उचलली.

गाडी सूं करून पोटभर हवा प्यायली. आणि गुरगुरायला लागली. मागे धूर नाही, काही नाही. नुसती सकाळ.

कुंपणापलीकडून साळू म्हणाली, "अगं बया! एवढंच?"

झुंबरबाई टोपी हातात घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी पेट्रोलचं नव्हतं.

"म्हणजे मीच कोंडली तिला? मी तर जपत होते, आजोबा."

"जप की. जपू नको असं कुठं म्हणतोय? नाक सोडून जप."

तेवढ्यात दारातून भुंग्या आला. म्हणजे चार स्वेटर, एक मफलर आणि एक टोपी चालत आली. मध्ये कुठेतरी भुंग्या होता. हातात लाडू होता, तोंडात लाडू होता. तो ढुर्र करून खोकला.

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं. "याला कधीपासून?"

"थंडी पडल्यापासून."

"आधी काय बदललं?"

"काही नाही," झुंबरबाई म्हणाली.

आजोबांनी एकेक स्वेटर मोजला. मग म्हणाले, "बाकीचा विचार तू कर. मला निघायला हवं. घरी पोचेपर्यंत पुढचा आठवडा उजाडेल." आणि ते चालायला लागले.

झुंबरबाईनं विचार केला. शुक्रवारचा दिवसभर केला. भाकरी थापताना केला, भुंग्याला हत्तीचा घास भरवताना केला. तिनं शपथ घेतली की आता गाडीच्या नाकाला हात लावायचा नाही.

शनिवार उजाडला तो दहिवर घेऊन. गवत पांढरं पडलेलं, गाडीची काच पांढरी पडलेली. झुंबरबाईनं बॉनेट नुसतं बघायला म्हणून उघडलं. नाक उघडं होतं. एवढंसं नाक, आणि एवढी थंडी.

तिला बघवेना.

"जाड नाही काही," ती स्वतःशीच म्हणाली. "आपलं पातळ मलमल. वारा जाईल, पण जरा गाळून जाईल."

तिनं मलमलचा रुमाल घेतला. पातळच होता. त्याच्या आठ घड्या घातल्या आणि बांधला.

वडाखाली सगळ्या गाड्यांची रांग लागली होती. तरसेसाहेब एका हातात पांढरं फडकं आणि एका हातात शिट्टी घेऊन उभे होते. डाव्या बाजूला दरी होती. हरणं पास झाली. ससा पास झाला. गोगलगायीची गाडी अजून रांगेत यायची होती. भुंग्या मागच्या सीटवर बसून खोकत होता. आणि झुंबरबाईच्या लक्षात आलं की तो एकटाच खोकत नाहीये.

ढुर्र.

"पुढे या," तरसेसाहेब म्हणाले.

त्यांनी सायलेन्सरला फडकं लावलं. काढलं. फडक्यावर तव्याएवढा काळा डाग!

"दरीत," तरसेसाहेब म्हणाले.

"साहेब!" झुंबरबाई दार उघडून धावली. "दोनच मिनिटं द्या साहेब. एकदा परत बघा. लेकराची शाळा आहे, दोन डोंगर आहेत, खिंडीत वारा असतो..."

"दोन मिनिटं," तरसेसाहेब म्हणाले. ते मनानं वाईट नव्हते. शिट्टी वाजवायला तेवढा वेळ लागायचाच.

झुंबरबाईनं बॉनेट उघडलं. वारा भणभणत होता. मलमलच्या गाठीवर तिनं हात ठेवला. हात पुढे जाईना. तिनं नाकाकडे पाहिलं. मग दरीकडे पाहिलं. दरीत गेल्या वर्षीची रानडुकराची गाडी उलटी पडलेली दिसत होती.

झुंबरबाईनं डोळे मिटले आणि गाठ ओढली.

गाडीनं मोठा श्वास घेतला. तरसेसाहेबांनी दुसरं फडकं लावलं. वाट पाहिली. काढलं. नव्या धोतरासारखं पांढरं!

"पास," ते म्हणाले. थोडं हिरमुसून म्हणाले.

रांगेतल्या सगळ्यांनी हॉर्न वाजवले. साळू तर काटे वाजवून नाचली. म्हणाली, "सांडगे वाचले!" झुंबरबाईनं गाडीच्या बॉनेटला मिठी मारली. "घे गं बाई, घे," ती म्हणाली. "लागेल तेवढी हवा घे. मी कोण अडवणार तुला!"

भुंग्या हे सगळं काचेतून बघत होता. त्यानं काच खाली केली. टोपीच्या आतून त्याचा बारीक आवाज आला.

"आई, मी पण काढू?"

झुंबरबाईनं भुंग्याकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. गाडी कशी मजेत गुरगुरत होती. तिनं पुन्हा भुंग्याकडे पाहिलं. त्याचं नाक उघडं होतं.

"तू काय गाडी आहेस?" ती म्हणाली.

आणि हातात मलमल होतंच, ते तिनं त्याच्या टोपीवरून घट्ट बांधलं. आठ घड्यांसकट. काच वर केली.

मंगळवारी झुंबरबाई शाळेतून परतत होती. वाटेत ओढ्याच्या वळणावर दगडूआजोबा दिसले. ते अजून घरीच चालले होते. झुंबरबाईनं गाडी थांबवली आणि खाली उतरली.

"कशी आहे गाडी?" आजोबांनी विचारलं.

"एकदम निरोगी! टाकी परत आठ दिवस जाईलसं दिसतंय. तुमचे उपकार कसे फेडू, आजोबा?"

"आणि पोरगं?"

मागच्या सीटवरून ढुर्र असा आवाज आला. आजोबांनी पाहिलं. पाच स्वेटर होते. त्यावर मफलर, त्यावर दुसरा मफलर. तो पेट्रोलच्या वासाचा होता. टोपीवर टोपी होती, तिला लाल गोंडा होता.

"काय सांगू!" झुंबरबाई म्हणाली. "त्याचं काही निदानच होत नाही बघा. दोन वैद्य झाले. परवा चिंतामण पोपटानंही मशीन लावून पाहिलं. म्हणाला, सेन्सर असणार. तुम्हीच सांगा आजोबा, आता मी काय बदलू?"

आजोबांनी तोंड उघडलं. झुंबरबाईच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर इतकी काळजी होती, इतकी माया होती, की आजोबांनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं आणि हळूच मान पाठीच्या कवचात घेतली.

"अगं बाई," झुंबरबाई म्हणाली. "आजोबांना वारा लागला वाटतं!"

तिच्या पिशवीत एक जादा कानटोपी असायचीच. तिनं ती कवचाच्या तोंडावर नीट ओढून बसवली आणि खाली बंद बांधले.

तात्पर्य : बाळांनो, मोकळी हवा हवी असेल, तर आईचं लेकरू होऊ नका, आईची गाडी व्हा. आता गोष्ट ऐकून झाली असेल तर टोप्या घाला बघू आधी. बाहेर वारा सुटलाय.